चौथ्या प्रकरणातली दोन चित्रं

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दाजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो, काळजी नको.

गुरुजींचं तिसरं पुस्तक छापायला चाललं आहे. आधीच्या दोन पुस्तकांतली वाक्यं चित्रशाळांच्या भिंतींवर लिहिलेली असतात, तू पाहिलीच आहेस. ते सांगतात, मी लिहून घेतो. सातवीपर्यंत शिकलेल्याला हे काम मिळालं ते केवळ अक्षर आणि शुद्धलेखन यांमुळे. या वेळचा विषय असा, की निसर्गाकडून राहिलेली चूक चित्रकाराने कशी दुरुस्त करावी.

तू विचारलंस, "माझं चित्र कुठे आहे? शेजारणींना सांगून बसले आहे, तोंडघशी पाडू नकोस."

चौथ्या प्रकरणात आहे. दोन चित्रं आहेत, ताई. एकात तू आहेस तशी, उजवा खांदा वर. खाली लिहिलंय, 'सदोष'. शेजारी पुन्हा तूच, दोन्ही खांदे सारखे. खाली, 'निर्दोष'.

उदाहरण हवं होतं तेव्हा तुला मीच सुचवलं. तू आलीस तेव्हा फक्त 'गुरुजी तुझं चित्र काढणार' एवढंच सांगितलं. गुरुजींनी विचारलं, "बहिणीला कशासाठी ते सांगितलंस ना?" मी हो म्हणालो. एवढ्या मोठ्या पुस्तकात माझंही काहीतरी असावं असं वाटत होतं.

खांदा कशाने वर गेला हे त्यांनी विचारलं नाही. आई गेल्यावर तुझ्या उजव्या कडेवर मी असायचो आणि डाव्या हातात पाण्याची बादली. मीही सांगितलं नाही.

काल प्रुफं तपासताना 'सदोष' शब्द शुद्ध आहे म्हणून मी खूण केली. मग पुढे हात चालेना. उठून गुरुजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ ब्रश पुसत राहिले. म्हणाले, "सिद्धांत बरोबरच आहे. पण ती नको म्हणाली तर चित्रं काढून टाकू. तूच कळव तिला. आणि गोड करून लिहू नकोस." छपाई थांबवली आहे.

ते पान सोबत पाठवतो. दाजींना दाखवायच्या आधी एकटीने बघ. उत्तर थेट गुरुजींना लिही. माझ्या नोकरीकडे बघून हो म्हणू नकोस. तू तसंच करशील, म्हणून सांगतोय.

शेवटी 'तुझा लाडका' लिहायची सवय आहे. आज नुसतं,

तुझा भाऊ