भिंत गरम आहे तोवर

मरोदा, भिलाई

प्रिय कौशल्या,

पहिले हेच सांगतो, पोरगी जिवंत आहे. बाळंतपणाच्या तापात तुले माहेरी नेलं, तो ताप उतरला हे तुझ्या पत्रातून समजलं. त्यात तू सगळ्यांचं विचारलं, शेजारच्या बकरीचंही विचारलं, तिचं मात्र नाही. मले राग नाही. दोन लेकरं हातातून गेल्यावर तिसऱ्याचं तोंड पाहायचं भ्याव वाटते. मलेही वाटते.

पण ऐक. आपल्या झोपडीची मागची भिंत, जिच्या पलीकडे तो जुना ट्रान्सफॉर्मर घों घों करते आणि तुले झोपू देत नव्हता, तीच तिले जगवून राहिली. दिवस भरायच्या आत आलेली पोर, भागाबाई आत्याने तिले कापसात अन् चिंध्यांत गुंडाळून भिंतीशी ठेवलं. शेजारची अंजनाबाई आपल्या लेकरासोबत तिलेही पाजते. बारसं काही आत्याने करू दिलं नाही. चिंधीच म्हणा म्हणे, काळाची नजर जाणार नाही. पुसाची थंडी हाडात शिरून राहिली, पण चिंधीचे पाय गरम असतात. ड्यूटीवरून आलो की पहिले भिंतीले हात लावतो, मग तिले. उलटं करायची हिंमत होत नाही.

परवा आमचे इंजिनियर ओमप्रकाश साहेब थर्मामीटर घेऊन आले. या जुन्या ट्रान्सफॉर्मरातून उष्णता किती वाया जाते, त्याचा अंदाज काढायचा होता. मले वाटलं, सारा भार नव्या सबस्टेशनावर गेला, याच्यावर चार दिवे उरले, नुकसान थोडंच निघेल अन् याले चालू राहू देतील. तिथंच फसलो. साहेबाने समजावलं, भार असो का नसो, याचं जुनं लोखंड वीज खातच राहते अन् तापतच राहते, रिकाम्या भांड्याखाली चूल पेटल्यावानी. मी हात जोडले, अंदाज जरा कमी मांडा म्हटलं. ते झोपडीत आले, चिंधीले पाहिलं. तरी आकडा बदलला नाही. कसा बदलेल, वीज खरंच वाया जाऊन राहिली.

सोमवारी ट्रान्सफॉर्मर बंद होणार. शेगडी ठेवून पाहिली, धुराने तिचा श्वास अडकते. आत्याचं अंग म्हातारं, तिलेच थंडी वाजते. म्हणून लिहून राहिलो. पोस्टाचा भरवसा नाही, रेल्वेतल्या भय्याजी गार्डाच्या हातून पत्र पाठवतो. रविवारच्या पॅसेंजरने ये. तिच्याकडे पाहावं नाही वाटलं तर नको पाहू, डोळे मिटून घे, पण तिले पोटाशी धर. भिंत थंडी व्हायच्या आत ये.

तुझाच,
केवलराम