दोन तरणे नर आणि दिराचं हाडूक

हरणाच्या नराची लाथ माझ्या बरगडीला बसली, मी काही मेले नव्हते. तरी दवाखान्यातून घरी येते तर माझा धाकटा दीर ख्वात कुंपणाशी उभा राहून माझ्या दोन तरण्या हरणांची शिंगं वितीने मोजतोय! "वहिनी, तुम्ही पडून राहा, आता मी बघतो," म्हणे. त्याचं बघणं आमच्या अख्ख्या हुओंग सोन भागाने पाहिलंय.

म्हणून मी, दिन्ह थी माऊ, मयत थ्वानची बायको, डोकं ठिकाणावर आणि बरगडी पट्टीत असताना, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या संतापाने, माझ्यामागे कशाचं काय करायचं ते लिहून ठेवते.

घर आणि मागची फणसाची झाडं मुलगा क्वेन याला. झाडं तोडायची नाहीत. त्यांच्या पाल्यावर हरणं वाढली आणि हरणांच्या, औषधाला विकलेल्या कोवळ्या शिंगांवर तो वाढला.

शिंग कापायची करवत शेजारीण न्हानला. नर आवळून धरायची वेळ आली की गावातले बाप्ये मागे सरकतात, ती सरकत नाही.

मधात मुरवलेल्या कोवळ्या शिंगाची बरणी मी जिवंतपणीच संपवणार आहे. कोणी डोळा ठेवू नये.

दीर ख्वात याला माझ्या भिंतीवरचं हाडूक. ते त्याचंच आहे. मागे एकदा त्याने दुकानातली ताकदीची पावडर आपल्या नराला दुप्पट चारली. शिंग वाढलं, खोटं कशाला बोलू. पण हा रोज पाहुणे बोलावून दाखवत बसला. "अजून जाड होऊ दे, अजून थोडं," करता करता वरची लव सुकली आणि शिंगाचं हाड झालं. औषधाला लागतं ते कोवळं, लव असलेलं शिंग; वैद्याने याला हातही लावला नाही. मग ते मला भेट दिलं, टोपी अडकवायला. आता त्याने स्वतःची टोपी अडकवावी.

राहिले दोन नर. सून लुआ या घरात आली तेव्हा म्हणाली, "आई, नुसत्या पाल्यावर शिंग किती वाढणार? थोडा मका, सोयाबीन, चिमूटभर खनिजांचं मीठ घालू या."

"हरणाला घालणार की सासूला?"

"सासूला आहेत तेवढी शिंगं पुरेत."

त्या दिवशी ती मला आवडली. एक नर तिने तिच्या खाद्यावर घेतला, एक मी पाल्यावर. गेल्या वसंतात तिच्या नराची शिंगं माझ्या नरापेक्षा बोटभर जाड भरली. मी म्हटलं, त्याचा बापच तसा होता. दुसऱ्या दिवसापासून माझ्या नरालाही तिचंच खाद्य सुरू केलं.

आता क्वेनला दक्षिणेतल्या कारखान्याचं वेड लागलंय आणि लुआला विचारलं की "बघू, आई" म्हणते. दोघं गेली तर नर ख्वातकडे जाणार, घराण्याची रीतच ती. म्हणून दोन्ही नर मी लुआच्या नावाने करते, क्वेनच्या नव्हे, आणि माझ्या मरणाची वाट न बघता. अट एकच, तिने इथे राहावं. क्वेनला जायचं तर जाऊ दे, भूक लागली की येईल.

सही : दिन्ह थी माऊ
साक्षीदार : ले व्हान बिएन, जनावरांचे डॉक्टर, फाम थी तुयेत, माझी पट्टी बदलणारी नर्स
हुओंग सोन, चांद्र तिसऱ्या महिन्याची वीस

लुआ, सही झाल्यावर हे खास तुझ्यासाठी लिहिते. पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी, आंबवलेला भात खायच्या सणाला, सकाळचं खाद्य घालायच्या आत माझ्या तोंडावर सांग. राहतेस की जातेस? "बघू, आई" हे उत्तर मी धरणार नाही.