सुनेच्या नावावरचं घर

प्रिय नाना,

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा फोन होता, आणि त्यावरही तुम्ही "जेवलीस का पोरी?" एवढं विचारून लगेच ठेवून द्यायचात. आता कुठे फोन लावू?

इथं सुरतेत, आमच्या लिंबायतच्या गल्लीत पुन्हा सरकारी आवास योजनेतल्या घरांचे फॉर्म भरणं सुरू झालंय. सगळे आधार कार्डाच्या झेरॉक्स काढत फिरताहेत. जो तो मला विचारतो, "वहिनी, तुमचा भरला का?" नाही भरला, नाना. भरणारही नाही. का, ते गल्लीत कुणाकुणाला सांगत बसू? तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

आठवतं का, सासूबाई गेल्यावर तुम्ही सुरत सोडून गावी गेलात? जन्मभर लूमच्या खडखडाटात उभं राहून कान गेले, पण त्या कमाईतून गावाकडे विटांच्या दोन खोल्या उभ्या केल्यात. मग एकदा मला एकटीलाच तालुक्याला बोलावून घेतलंत. मला वाटलं, डोळे दाखवायचे असतील. तर तुम्ही मला थेट नोंदणी कार्यालयात नेलंत!

"आठे सही कर," तुम्ही म्हणालात. "घर तुन्हा नाववर करी ऱ्हायनू."

मी घाबरलेच. म्हटलं, "नाना, मुलाच्या नावावर करा ना."

"पोऱ्याना नाववर तर सगळेच करतस. मन्ही बहीनले नवरा मरताच दीरनी बाहेर काढं. तिन्हा नाववर एक भित बी नव्हती. मन्हा घरमा घर बाईना नाववर ऱ्हाई."

तिथला कारकून मान वर करून तुमच्याकडे बघत राहिला. मी सही केली. माहेरी माझ्या नावावर कधी काही नव्हतं. बक्षीसपत्र घेऊन बाहेर पडले तेव्हा मला उगाचच ताठ चालावंसं वाटत होतं.

पण नाना, एक गोष्ट बोलू? आपण दोघांनीही तेव्हा कुणाला काही विचारलं नाही. एवढी काय घाई होती हो? हे घर माझं झालं की दुसरीकडे काय अडेल, हे आपल्या दोघांच्या मनातसुद्धा आलं नाही.

पुढे तुमच्या दिलीपनी आवासचा फॉर्म भरला. त्यांच्या डोक्यात एकच, की सुरतेत आपलं घर नाही. गावचं घर? ते तर नानांचं! कागदावर ते बायकोचं झालंय, हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि ड्रॉमध्ये नाव निघालं की! सुरतेतच कोसाडला, तिसऱ्या मजल्यावर. आमची प्रांजल तर खिडकीपाशी कोण झोपणार हे गल्लीभर सांगत सुटली. तुम्ही तुमच्या बहिणीला, आत्याबाईंना, गावी ठेवून गाडीत बसून आलात, नातीच्या तोंडात पेढा घालायला.

सोगंदनाम्याच्या, म्हणजे शपथपत्राच्या दिवशी तुम्ही हट्टानं आमच्याबरोबर आलात. टाइप करणाऱ्या माणसानं मजकूर वाचून दाखवला. "कुटुंबमां कोईना नामे भारतमां क्यांय पाकुं मकान नथी." म्हणजे घरात कुणाच्याही नावावर देशात कुठंच पक्कं घर नाही. आणि माझा सही करायला उचललेला हात थांबला.

"अहो," मी दिलीपना म्हटलं, "माझ्या नावावर आहे ना."

ते माझ्याजवळ सरकले. मग हळूच म्हणाले, "धुळ्याकडच्या खेड्यातलं घर इथं कोण बघायला जातंय? कर सही."

"खोटं कसं लिहून देऊ? शपथ आहे ती."

तुम्ही बाकावरून विचारलंत, "काय व्हयनं?" आणि मला ते तुम्हाला ओरडून सांगावं लागलं. तिथल्या सगळ्यांनी ऐकलं! आता दिलीपनी मनात आणलं असतं तरी खोटं लिहून देता येणार नव्हतं. आजही तो प्रसंग आठवला की आम्हाला दोघांना हसू येतं. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

तुम्ही लगेच उठलात. "घर परत मन्हा नाववर करा. चला!" मग आपण आवासच्या कचेरीत गेलो. टेबलामागच्या मॅडमनी तुम्हाला आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "फॉर्म भर्यो त्यारे तो तमारा नामे ज हतुं ने, बहेन? हवे पाछुं आपो, तो पण आ फॉर्म तो न चाले."

म्हणजे आता परत दिलं तरी हा फॉर्म बादच. मी विचारलं, आणि घर सासऱ्यांच्या नावावरच असतं तर?

"तो वांधो नहोतो. कुटुंब एटले पति, पत्नी ने परणाव्या वगरनां छोकरां. दादानुं घर तमारामां न गणाय."

म्हणजे कुटुंबात फक्त नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं; तुमचं घर आमच्यात धरलंच नसतं. बाकी काही तुम्हाला ऐकू येत नसे, नाना. हे कसं बरोबर ऐकलंत?

घरी आल्यावर चपलाही न काढता दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "पोरी, मी तुले घर दिधं, का तुन्हं घर लिधं?"

उत्तर होतं माझ्याजवळ. दिलंत, नाना. घरच दिलंत. पण तुमच्या कानापर्यंत पोचेल इतक्या मोठ्यानं ते ओरडायला गेले आणि रडूच फुटलं. तुम्हाला वाटलं, मी कोसाडच्या घरासाठी रडतेय. तुमचा तो समज काढून टाकायचा राहूनच गेला. सगळ्यात जास्त तेच लागून राहिलंय.

त्यानंतर दर फोनला "जेवलीस का"च्या पुढे तुमचं एकच. घर मला परत दे लिहून, पुढच्या ड्रॉला नंबर लागेल. तुमच्या जागी तुमचं बरोबरच होतं. खरोखर परत दिलं असतं, तर पुढचा फॉर्म खरा ठरला असता. मीच टाळत राहिले. ज्या कारणासाठी तुम्ही ते मला दिलंत, ते कारण तर तुमच्याच घरात चूल पेटवत होतं ना! आत्याबाई. सासूबाईंनंतर तुमच्या भाकरी थापायला आलेली तुमची बहीण.

मग थंडीत तुम्ही गेलात. झोपेतच. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तसे दिलीप ओट्यावर बसून म्हणाले, "हे विकून टाकू. सुरतेत काहीतरी हातपाय हलवता येतील. इथं आता कोण राहणार?"

मी आत गेले. आत्याबाई दोन लुगडी आणि तुमचा फोटो गाठोड्यात बांधत होत्या. कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं, त्यांनीही काही विचारलं नव्हतं. "मी जास, माय. भाचीकडे," एवढंच म्हणाल्या. अगदी सवयीनं म्हणाल्या.

मी बाहेर येऊन दिलीपना सांगितलं, "घर माझ्या नावावर आहे. मी विकणार नाही." लग्नानंतर त्यांना असं कधी बोलले नव्हते. ते तणतणत ओट्यावरून उठून गेले.

मग माझ्या मनात आलं, घर आत्याबाईंच्याच नावावर केलं तर? त्यांना हक्काची भिंत मिळेल आणि आमचाही अडसर जाईल. यात खोटं काहीच नव्हतं. तलाठ्यांना विचारायला गेले. या वेळी सहीच्या आधी विचारलं, नाना!

ते म्हणाले, "ताई, आजींना सरकारच्या निराधार योजनेचा पगार मिळतो. त्यांच्या नावावर घर चढलं की पुन्हा चौकशी लागू शकते. बंदच होईल असं मी म्हणत नाही. पण चौकशीत पगार अडकला, तर तोवर आजी खाणार काय?"

घरी येऊन आत्याबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या हसल्या. "मले नाव नको, माय. रातले कडी आतून लावता यावी, बस."

म्हणजे बघा, माझ्या नावावर ठेवलं तर आम्हाला सरकारी घर नाही, त्यांच्या नावावर केलं तर त्यांच्या पगारावर टांगती तलवार. दोन्हीकडून विचार केला आणि होतं तिथंच राहू दिलं. आत्याबाई तिथंच आहेत. तुमच्या खाटेवर झोपतात आणि तुमच्या बकरीला शिव्या घालतात.

आणि तुमचा मुलगा? होळीला गावी गेले ते न्हाणीघरात आत्याबाईंना धरायला लोखंडी दांडा बसवून आले. मला सांगितलंसुद्धा नाही! आत्याबाईंनीच फोनवर सांगितलं. आज सकाळी दिलीपचा एक कारीगर मित्र आला होता. म्हणाला, "गावचं घर चुलतभावाच्या नावावर कर ना नुसतं दाखवायला, फॉर्म भर, मग घे परत." मी चहा गाळत होते. हातातलं गाळणं तसंच धरून कान देऊन ऐकत राहिले.

दिलीप म्हणाले, "नको रे. तिथं माझी आत्या राहते."

बस, एवढंच. म्हणून आज लिहायला बसले.

आमची खोली आहे तशीच आहे, नाना. प्रांजल पुस्तकं घेऊन जिन्यात बसते. कोसाडच्या खिडकीचं वाईट वाटतं का? वाटतं. कधीकधी फार वाटतं. पण तुमचा राग कधी आला नाही, हे मनापासून सांगते.

आता शब्द देते तो ऐका. आत्याबाई आहेत तोवर त्या घराला गिऱ्हाईक दिसणार नाही, आणि नुसतं दाखवायला ते कुणाच्या नावावर जाणार नाही. सुरतेत आमचं घर होईल तेव्हा होईल, खऱ्या सहीनं होईल. त्यांच्यानंतर ते प्रांजलला द्यायची वेळ आली, तर आधी तिला समोर बसवून विचारीन, "तुला हवंय का? हे घेतल्यानं तुझं कुठे काही अडणार तर नाही ना?" एवढं मात्र मी तुमच्याहून वेगळं करणार आहे. रागावू नका.

तुमची सून,
सुरेखा