अहवालातलं सहावं वाक्य

१६ एप्रिल, रात्री

धाकट्या,

९ फेब्रुवारीला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तू त्या अपघाताच्या अहवालावर सही केलीस. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण सहीखाली वेळ घालायची सवय गोदीतल्या कागदांना मीच लावली. एकतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात फुकट नाही काढली.

भावजयीचा गुडघा कसा आहे? लेकीची परीक्षा संपली असेल. माझं म्हणशील तर हे पत्र मी उजव्या डोळ्याच्या जोरावर लिहिते आहे. डाव्यापुढे अजून धुकंच आहे. ऑपरेशन राहून गेलं ते गेलंच. ओळी वाकड्या आल्या तर समजून घे.

अहवाल मला मिळाला तो मार्चअखेर, तोही तीन अर्ज केल्यावर. त्यातलं सहावं वाक्य मला आता पाठ आहे. 'सदर वेल्डर आपला बिल्ला न टांगता व कोणाच्याही परवानगीशिवाय टाकीत उतरला असून त्याच्या मृत्यूस त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा कारणीभूत आहे.'

सदर वेल्डर. अठराव्या वर्षी तू आमच्याकडे राहायला आलास तेव्हा आपली खाट तुला देऊन जमिनीवर झोपला तो सदर वेल्डर. उतरताना तोंड शिडीकडे ठेवायचं, हे तुला खांद्याला धरून शिकवलं तो. सगळी गोदी ज्यांना मास्तर म्हणायची त्यांना एकेचाळीस वर्षांत निष्काळजी कोणी म्हटलं नव्हतं. ते म्हणायला घरचा माणूस लागला.

परवा नव्या युद्धनौकेच्या सोहळ्यात मला तिसऱ्या रांगेत बसवलंस, आभारी आहे. फ्रिगेट देखणी झाली आहे, उगाच खोटं कशाला बोलू. पहिल्या दोन त्या परदेशी पाहुण्यांच्या देशात बांधल्या; तिसरी आपल्या हातची, त्यांच्या नकाशांवर. ते सगळे नकाशे आणि सुरक्षेची सगळी पुस्तकं मीच आपल्या भाषेत आणली आहेत, त्यामुळे तिची एकेक टाकी मला ठाऊक आहे. दोन्हीकडच्या नौदलांच्या साहेबांनी हात मिळवले, बँड वाजला. माइकवर तू म्हणालास, "ठरल्या तारखेला, एकही दिवस उशीर न होता." माझ्या शेजारच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मी पर्स धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी तो उंच निरीक्षक, ज्याला तुम्ही लंबू म्हणता, घरी आला. बायकोमुलांकडे परत चालला होता. दारात चपला काढू की नको करत पाच मिनिटं उभा होता. त्याची भाषा मला येते म्हणून आला, नाहीतर कोणाशी बोलणार बिचारा.

"बाई, टाकीतली हवा घालवणारा तो नायट्रोजन मी सोडला," तो म्हणाला. "फळ्यावर एकही बिल्ला नव्हता. तरी मी झाकणातून दोनदा हाक मारली. मास्तर मागच्या कप्प्यात होते, कानांत घासकामाच्या आवाजासाठी घातलेले बोळे. मग झाकण लावलं."

"वर कोणी बसलं नव्हतं?"

"आधी तुमचे भाऊ होते. रंगाऱ्याने ऐकलं. मास्तर म्हणाले, बिल्ला सापडत नाही, काय करू? भाऊ म्हणाले, 'भावजी, उतरा तुम्ही, मी आहे वर.' मग त्यांना आमच्या साहेबांनी बोलावलं."

"हे समितीला का नाही सांगितलंत?"

"समितीने विचारलं, फळा रिकामा होता का. रिकामा होता."

चहा तसाच ठेवून गेला तो.

धाकट्या, मी आहे वर म्हणजे काय, हे आपल्या गोदीत शिपायालाही कळतं. खाली माणूस असेपर्यंत वरचा माणूस टाकीच्या तोंडावरून उठत नाही, साहेबाने बोलावलं तरी नाही. पाहुण्यांची रीत वेगळी. ज्याचा त्याने पितळी बिल्ला फळ्यावर टांगायचा, वर आल्यावर स्वतः काढायचा. फळा रिकामा तर टाकी रिकामी. दोन्ही रीती चांगल्या आहेत. तू त्यांना आपल्या रीतीने खाली पाठवलंस आणि लंबूने पाहुण्यांच्या रीतीने झाकण लावलं. ते तुझ्या शब्दावर उतरले आणि तू उठलास. आणि अहवालात लिहिलंस, कोणाच्याही परवानगीशिवाय.

इथपर्यंत मी काल लिहिलं होतं. पाकीट बंद करून पत्ताही घातला होता. आज, १७ तारखेला सकाळी, परत फोडलं.

कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, कबुली द्यायला बसलात की शेजारणीची पापं सांगायची नाहीत. मी दोन पानं तुझीच सांगते आहे.

२१ नोव्हेंबरला त्यांची सुट्टी होती. दुपारी बारा वाजता माझं डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि ते बरोबर येणार होते. आदल्या संध्याकाळी तुझा फोन आला की हेलिकॉप्टरच्या इंधनाच्या टाकीत एक जोड घासायचा राहिला आहे आणि तो मास्तरांशिवाय कोणाला जमणार नाही. ते लगेच हो म्हणाले. मला म्हणाले, "तासाभराचं काम आहे, बाईसाहेब. दहाला तुमच्या सेवेत हजर."

तुमच्या तासाभराची मला चाळीस वर्षांची ओळख आहे, असं मी म्हणाले. आणि ते अंघोळीला गेल्यावर त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बिल्ला काढून माझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांखाली ठेवला.

सुरक्षेच्या पुस्तकातल्या चौदाव्या कलमाचं भाषांतर मीच केलं होतं. बिल्ल्याशिवाय कोणत्याही व्यक्तीस टाकीत प्रवेश दिला जाणार नाही. नवीन बिल्ल्यास दोन दिवस लागतील. एकेक शब्द तोलून लिहिला होता. मला वाटलं, वरूनच परत पाठवतील. चिडतील, जेवणार नाहीत, पण बाराला बरोबर येतील.

सकाळी वीस मिनिटं शोधत होते. विजारीचे खिसे उलटे केले, गादी उचलून पाहिली. "पाहिलास का गं कुठे?" म्हणून विचारलं.

मी म्हणाले, "आपल्या वस्तू आपण सांभाळाव्यात."

ते हसले. "बरं, बघतो तिकडेच काहीतरी. धाकटा आहे ना," म्हणाले आणि गेले. आमचं शेवटचं बोलणं हे.

नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी साडी बदलून बसले होते. साडेदहाला रागाने एकटीच निघाले. तुझा फोन आला तेव्हा नर्सने डोळ्यात थेंब घातले होते आणि मला समोरची भिंतसुद्धा दिसत नव्हती.

तेव्हा तुझ्या वाक्यातला बिल्ला न टांगल्याचा भाग खरा आहे. टांगायला बिल्ला त्यांच्याजवळ नव्हता. तो कुठे होता हे जगात मला एकटीला माहीत होतं, आणि पाच महिने मी ते तुलाही सांगितलं नाही. तुझ्यावर रागावता येत होतं तोवर सांगायची गरज पडली नाही. लंबू गेल्यावर मात्र कळलं, की तो बिचारा माझ्या दारात उभा राहून आपला भाग सांगून गेला. आपण दोघांनी आपापला भाग एका मेलेल्या माणसाच्या नावावर टाकला.

मी समितीला पत्र लिहिलं आहे. त्यात माझ्या हाताने जे झालं ते वेळेसकट आहे. तुझ्याबद्दल एक अक्षर नाही, रंगाऱ्याचं नावही नाही. कारण तुझा भाग मी लिहिला तर ती चुगली होईल, आणि तू लिहिलास तर ते सहावं वाक्य पुसलं जाईल. चौथ्या फ्रिगेटच्या टाक्या मेच्या पहिल्या आठवड्यात उघडणार आहेत, असं लंबू म्हणाला. त्यात उतरणारी माणसंही तुझ्याकडे वर पाहूनच उतरतील.

तेव्हा ३० एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर हवं. तुझ्या हस्ताक्षरात, सहीखाली वेळ घालून. 'मी त्यांना उतरायला सांगितलं आणि मी उठलो.' एवढं एकच वाक्य पुरे, मी ते माझ्या पत्राला जोडीन. नाही आलं तर माझं पत्र एकटंच जाईल. फोन करू नकोस. फोनवर तू रडशील आणि मी तुला माफ करून बसेन, आणि त्यांच्या नावावर ते वाक्य तसंच राहील.

ज्यांना तू भावजी म्हणायचास त्यांची बायको,
आणि त्याच्याही आधीपासून तुझी
ताई