मागची काच

६ नोव्हेंबर १९७२, सोमवार

चूक दुरुस्त करते. गेल्या वर्षीच्या वहीत ५ डिसेंबरच्या पानावर लिहिलं आहे — "ब्लॅकआऊटसाठी विमानाची काच काळी केली." ती ओळ मी मागाहून घातली. तारीख खोटी, कारणही खोटं. लढाई १७ ला थांबली. लोक तावदानांचा काळा रंग खरवडत होते, तेव्हा, २० तारखेला, उरलेल्या डब्यातला रंग मी खिडकीतल्या खेळण्यातल्या विमानाच्या दोन्ही काचांना लावला.

पपांनी मला चौथीपर्यंत घरीच शिकवलं. पाटीवरची चूक पुसू द्यायचे नाहीत. "शेजारी खरं लिही. चूक दिसू दे." म्हणून ते पान फाडलेलं नाही.

आजच लिहिते, कारण काल नेवाशाहून बायडाबाई आल्या होत्या. गोरक्षच्या आई. गोरक्ष दादाबरोबर एअरफोर्समध्ये फिटर. ९ डिसेंबरला विमानतळावर बॉम्ब पडला, त्यात गेला. त्याआधी जुलैत तो रजेवर आठ दिवस आमच्याकडे होता. हे प्लॅस्टिकचं विमान त्याने इथेच जोडलं आणि खिडकीत ठेवलं — "पुढच्या रजेत नेतो."

बायडाबाईंनी ते दोन्ही हातांत धरलं, भरलेलं ताट धरावं तसं.

"ह्याच्या काचा काळ्या का गं, पोरी?"

"ब्लॅकआऊटला रंगवल्या." — पुन्हा तेच!

"मंग आता काढ की त्यो रंग. पत्रात लिव्हलं हुतं त्यानं, आये, फुडं मी बसलोय. वर्षश्राद्धाला फोटूपाशी ठिवते."

निघताना, रजेवर आलेल्या दादाला म्हणाल्या, "दोन पोरी दाखवल्या, न्हाईच म्हनला. मी लई बोलले. माज्यावर रुसून गेला, तसाच गेला. कोन हुती का रं मनात त्याच्या?"

"नाही हो, मावशी."

दादाला खरंच ठाऊक नाही. विमानात जागा दोन आहेत.

७ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. मागच्या जागेसाठीही विमानाच्या डब्यात पायलटच आला होता. गोरक्षने सुईच्या टोकाने त्याला वेणी काढली. लाल रिबीन. मी समोर बसून सुटे भाग हातात देत होते.

"तिला टोपी नाही?"

"वेनी मावत न्हाई टोपीत." आणि लगेच काच चिकटवली. "आता उतरता यायचं न्हाई!"

मी हसले. तेच उत्तर समजला असेल. होतंच ते उत्तर. दुसरं काही बोलणं झालं नाही.

तो गेल्याची तार आली तेव्हा पहिली भीती वाटली ती वेणीची — कोणी पाहिली तर! आधी रंग लावला. रडले नंतर.

१२ नोव्हेंबर, रविवार

दादाने थिनर आणलं. मी मागच्या काचेच्या कडेला थेंबभर लावून पाहिलं. रंग निघाला, पण खालची काचच पांढुरकी झाली — डोळ्यात फूल पडावं तशी.

"आण, मी पॉलिशपेपर मारतो," दादा म्हणाला. त्याने उचललेलं विमान मी हिसकावून घेतलं. "अगं, उडून जाणार आहे का ते!"

१४ नोव्हेंबर

केडगावला सहादेव मिस्त्रीकडे गेले. ट्रकखालून नुसतं डोकं बाहेर काढलं त्याने. "थिनर? ताई, पलास्टिक खातंय ते! ब्रेक ऑइल लावा. मडगार्डावर सांडलं की रंग कसा सालीवानी निघतो. पलास्टिकला काय करत न्हाई. पर धीर पायजे, रातभर ठिवा." औषधाच्या बाटलीत भरून दिलं. "आन् काचेत माणसं हायेत म्हणता, तर फट बुजवा आधी. आत गेलं तर त्यांचाबी रंग जाईल."

हे मला सुचलंच नसतं.

१७ नोव्हेंबर

मेणबत्तीचं मेण फटीत भरलं. काडीला कापूस, कापसाला ऑइल, फक्त पुढच्या काचेवर. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही अर्धा तास. धुवायला तांब्याभर बाजूला ठेवलं आहे.

१८ नोव्हेंबर

निघाला! रंग सुरकुतला आणि सालीसारखाच सुटला. आत गोरक्ष. मिशीसुद्धा आहे. मिशी विसरले होते मी.

२१ नोव्हेंबर

दादा खूश. "आता मागची." मी म्हणाले ऑइल संपलं. खोटं. अर्धी बाटली ओट्याखाली आहे.

"मग राहू दे. म्हातारीला तिचा पोरगा दिसला, झालं." पुढच्या मंगळवारी, तिथीने वर्षश्राद्ध आहे, तोच घेऊन जाणार आहे.

बरं वाटलं. मग जेवण गेलं नाही.

पपांनी राहुरीच्या पाहुण्यांना नाताळात बोलावलंय. मला पाहायला. मुलगा शिक्षक आहे, चर्चमध्ये पेटी वाजवतो. मंडळीत सगळ्यांना कळलंसुद्धा.

२३ नोव्हेंबर

"रुसून गेला माज्यावर." भाकरी थापताना तेच. वर्षभर ती बाई हेच उराशी धरून बसली आहे, आणि तो रुसलाच नव्हता. हे सांगू शकेल असं माणूस एकच.

२५ नोव्हेंबर, शनिवार

ओट्याखालची बाटली काढली. मेण, कापूस, काडी.

२६ नोव्हेंबर, रविवार

उपासना आटोपून देवळातून आल्यावर धुतलं. दंतमंजनाने घासूनही कडेचं फूल गेलं नाही. ते राहणार. मधली काच मात्र स्वच्छ. विमान खिडकीत ठेवलं, उजेडात.

पपा पवित्र शास्त्र वाचायचं भिंग घेऊन आले. बराच वेळ पाहत होते.

"मागे वेणी आहे."

"हो."

"कोणाची?"

"माझी."

भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "राहुरीला पत्र मी लिहितो. तू नेवाशाचं बघ."

दादा नाही, मी जाणार. नेवाशाची साडेसहाची गाडी. मंगळवार, २८ नोव्हेंबर.