सूनबाईची शर्यत दिसणार कधी?

४ नोव्हेंबर, बुधवार

साबण, दूध, ह्यांच्या चपलेची शिलाई – आजचा हिशोब झाला. अर्धं पान कोरं उरलं. ते वाया कशाला घालवायचं, म्हणून लिहिते.

बातमीच तशी आहे. सूनबाईची शर्यत म्हणे आता दिसणार!

सहा वर्षं झाली तिला या घरात येऊन. तिचं ते ओरिएंटीअरिंग – नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही, मी आपली नकाशाची शर्यत म्हणते. हातात नकाशा आणि होकायंत्र, आणि जंगलात सोडून द्यायचं. आत ठिकठिकाणी केशरी-पांढरी निशाणं लावलेली. ती नंबराप्रमाणे शोधत जायची, प्रत्येकाला बोटातली चिप टेकवायची आणि सगळ्यांच्या आधी बाहेर यायचं. वाट कुठली धरायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. सूनबाई नेहमी पहिल्या तिघींत असते. असं म्हणतात! मी कुठे बघितलंय?

एकदाच गेले होते. चार तास घडीच्या खुर्चीत. समोर झाडं. ही एकीकडून आत शिरली ती दुसरीकडून चिखलाने माखून बाहेर आली. तेवढ्यात माझी स्वेटरची पाठ विणून झाली. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय, कशी झाली शर्यत?" म्हटलं, "झाडं छान आहेत."

तर आता तिच्या शर्यतींच्या मंडळाने नवा प्रकार काढलाय. गावातच, जुन्या महाविद्यालयाच्या आवारात. इमारती, जिने, बोळ. छोटी आणि जोरात पळायची. बघणाऱ्यांना बसायला पायऱ्या, पळणारे पुन्हा पुन्हा समोरून जाणार, मोठा पडदा, बोलायला माणूस. पंधरा तारखेला एकदा करून बघायची. लोकांना पटली तर मोसमाची शेवटची मोठी शर्यतही जंगलात न घेता अशीच घ्यायची. सभासदांचं मत घेणार आहेत.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना उगीच हसू येत होतं.

५ नोव्हेंबर, गुरुवार

सूनबाई भयंकर चिडली आहे. जेवताना ताटातलं सोडून हातवारे चालले होते.

"आई, हा तमाशा आहे. शर्यत नाही!"

चिरंजीव म्हणाले, "कुणाला काही दिसतच नसेल तर नवी मुलं येणार कुठून? दर वर्षी तेच चाळीस जण. आणि ते चाळीस जण म्हातारे होत चाललेत."

"म्हातारी कोणाला म्हणतोस?"

"चाळिसातल्या बाकीच्यांना."

मग तिने मला समजावलं. जंगलात म्हणे खरी शर्यत डोक्यात चालते. चढावरून सरळ जायचं की वळसा घ्यायचा, ओढा कुठे ओलांडायचा, समोर दिसतोय तो खडक नकाशातलाच की दुसरा. "विचार हीच शर्यत आहे, आई. आणि विचार कुणाला दिसत नाही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "चेहरा तर दिसतो ना!"

मी पटकन आमटी वाढायला घेतली. ह्यांनी सावरून घेतलं – "अगं, चेहरा कसला, पडद्यावर ठिपका दिसणार. ही त्या ठिपक्याचीसुद्धा दृष्ट काढेल."

८ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत कळली. मलाही मत आहे!

दोन वर्षांपूर्वी ती मंडळाची वर्गणी भरत होती. मीच म्हटलं होतं, एकटीची कशाला भरतेस, घरातल्या सगळ्यांची एकदम भरली तर स्वस्त पडते आणि वर पाण्याची बाटली फुकट. बाटली अजून वापरात आहे. पण त्यापायी मी सभासद झाले हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मंडळाच्या चिटणिसांचा फोन आला – आवाज असा की घरात सगळे त्यांना भोंगाच म्हणतात. "वहिनी, अठरा तारखेला मत द्यायला यायचं बरं का!" फोन कानापासून हातभर लांब धरला तरी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेलं.

सूनबाई लगेच हजर. "आई, तुमचं मत जंगलाला ना?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"आधी बघू तर दे!"

११ नोव्हेंबर, बुधवार

डब्यांखालचे कागद बदलले. जुने नकाशे ती मला देते, पण फक्त हरलेल्या शर्यतींचे. जिंकलेले तिच्या कपाटात. त्यामुळे माझी फळी अर्धीच झाकलेली असते. मुलगी चांगली पळते, म्हणून माझ्या फळ्यांची गैरसोय!

१४ नोव्हेंबर, शनिवार

उद्या शर्यत. देवाकडे काय मागावं कळेना. तिने जिंकावं, हे तर आहेच. पण शर्यत छान होऊ दे म्हणावं तर तिचं जंगल जातं. वाईट होऊ दे म्हणावं तर माझं बघणं जातं. शेवटी म्हटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि जप पुरा करून उठले.

१५ नोव्हेंबर, रविवार

कुठून सुरुवात करू!

सकाळी सातलाच जाऊन फिनिशजवळची, दोरीला लागून असलेली जागा धरली. ह्यांनी छत्री घेतली होती, चिरंजिवांनी चहाचा थर्मास. पायऱ्या भरल्या. शाळेची पोरं, बाया, कुणाचं तरी कुत्रं. पडद्यावरच्या नकाशात एकेकीचा ठिपका पळत होता आणि भोंगा बोलत होता. त्याला खरं तर माईकची गरजच नव्हती.

आणि ती आली.

कोपऱ्यावरून वळली आणि थेट माझ्यासमोरून गेली, इतकी जवळ की घामाचे थेंब दिसले. सहा वर्षं तिचे कपडे धुतले, खरचटलेल्या पायांना हळद लावली, पण पळताना बघितली आज! नकाशा घडी करून हातात, अंगठा नकाशात स्वतः आहे त्या जागी टेकवलेला. आणि ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत होती. डावीकडे जिना, भिंत, झाड, उजवीकडे – असं असणार. पायऱ्यांवर एवढा गोंगाट, पण तिला त्याचा पत्ता नाही.

मनात आलं, मी जप करते तेव्हा माझे ओठ असेच हलत असणार. माळ मी शालीखाली धरते. कुणी बघायला लागलं तर तोंड फिरवून बसते. आणि मी इथे दोरीला चिकटून हिच्याकडे टक लावून बघतेय!

पण हे शहाणपण टिकलं किती? तर ती दुसऱ्यांदा दिसेपर्यंत. भोंगा ओरडला, "पहिल्या नंबरावर!" सगळ्या पायऱ्या उभ्या राहिल्या. मीही. मला वाटलं, संपलीच आता. दोरीवरून अर्धी बाहेर वाकून ओरडले –

"ठमे! अगं इकडे! इकडे ये!"

ठमी म्हणजे माझी लेक, लग्न होऊन लांब गेलेली. हिला मी सहा वर्षांत 'अगं' नाहीतर 'सूनबाई' याच्यापलीकडे काही म्हटलेलं नाही. कुठून तोंडात आलं देव जाणे.

तिने मान वर केली. मला बघितलं. हसली! आणि डावीकडे वळून दोन दोऱ्यांच्या मधून धावत थेट फिनिशच्या रेषेवर.

जायचं होतं उजवीकडे. इमारतीच्या मागे अजून तीन निशाणं राहिली होती.

भोंग्याने माईक खाली केला. मग म्हणाला, "बाद." त्याचा एवढा हळू आवाज मी आजवर ऐकला नव्हता.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ह्यांनी छत्री उघडून मला आडोसा केला – ऊन नव्हतंच! ती आली. मी म्हटलं, "मी केलं हे. मी तुझं वाटोळं केलं." तर ही दोरीवर वाकून पोट धरून हसतेय.

"आई, सगळ्या पायऱ्या ओरडत होत्या. मला काही ऐकू येत नव्हतं. तुम्ही हाक मारलीत आणि पायच वळले हो!"

मग हातातला नकाशा माझ्या पिशवीत कोंबला. "घ्या. डब्यांखाली."

१६ नोव्हेंबर, सोमवार

नाही घातला. पोथीत ठेवला.

१८ नोव्हेंबर, बुधवार

मत देऊन आलो. मंडळाच्या खोलीत गर्दी मावत नव्हती. सूनबाईला बोलायला उभं केलं. आता हिच्या हातात आयताच पुरावा होता – बघा, गर्दीने मला चुकवलं, न्या परत जंगलात! मला वाटलं, ही आता माझी शोभा करणार. तर म्हणाली, "बाकीच्या नऊ जणींना तोच गोंगाट होता. त्या बरोबर वळल्या. मी नकाशा सोडून वर बघितलं. चूक माझी." आणि खाली बसली.

चिठ्ठ्या टाकल्या. मोजल्या. जंगल तीन मतांनी जिंकलं. गावातली शर्यतही बंद नाही, नव्या मुलांसाठी वर्षातून दोनदा होणारच आहे. चिरंजीव त्यातच खूश.

घरी जेवायला बसलो. मी हिच्या ताटात तूप जरा जास्तच वाढलं. "झालं ना तुझ्या मनासारखं? मी तुझ्या जंगलालाच मत दिलं."

घास तिच्या हातातच राहिला. "तुम्ही? आई, तुम्हाला तर बघायचं होतं!"

"बघितलं की. तुझे ते पुटपुटणारे ओठ बघितले. ते चारचौघांत बघायचं नव्हे, असं वाटलं मला."

तिने घास ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "मी पायऱ्यांना दिलं."

"काय?"

"तुम्ही परत याल म्हणून! तशी हाक पुन्हा मारली असती ना कुणी? म्हणजे – तुम्ही!"

ह्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "म्हणजे दोघींनी एकमेकींची मतं खाल्ली. घरी बसला असतात तरी चाललं असतं, रिक्षाचे पैसे वाचले असते!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चिरंजीव विचारत होते, मी कोणाला दिलं ते कुणी विचारतच नाही. नाहीच विचारलं कुणी.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

भोंग्याचा फोन. जंगलातल्या शर्यतीत मध्यावर, अगदी आत, पळणाऱ्यांसाठी पाण्याचं टेबल असतं. तिथे बसायला माणूस हवा. "वहिनी, तुम्ही बसाल का? पण एक आहे, कुणाला काही सांगायचं नाही, दाखवायचं नाही, ओरडायचं नाही!"

म्हणजे ती माझ्यासमोरून जाणार. एकटी. गर्दी नाही, पडदा नाही. मी आणि झाडं!

म्हटलं, बसते. तोंडाला कुलूप लावून बसते.

सूनबाई भाजी निवडत होती. मान वर न करता हसत होती. हिचंच काम हे!

२० डिसेंबर, रविवार

पहाटेपासून जंगलात. पेले भरून मांडले. दोघी तहानलेल्या आल्या, पाणी पिऊन पळाल्या. मग बराच वेळ पान हलेना. शालीखाली माळ घेतली, तेवढाच वेळ सत्कारणी. डोळे कधी मिटले कळलंच नाही. उघडले तर तिसरा पेला रिकामा, आणि झाडांत तिच्या लाल सदऱ्याची नुसती पाठ!

चुकली ती चुकलीच. पुन्हा नाहीच बघितली!

शर्यतीत दुसरी आली ती. आता फळीवरचे डबे उतरवून स्वतः आजचा नकाशा पसरतेय. म्हणते, "थांबले नसते तर पहिली येत होते. आई, आज मी तुम्हाला बघितलं. तुमचे ओठ हलत होते. हाक मारणार होते – नाही मारली."