आडीत भिंतीला भोक नाही

सोनमर्गच्या वरचा कॅम्प,
२ जुलै २०२४

ती. रम्याअक्कास व्यंकोजीचा शि. सा. न. वि. वि.

पुन्हा तेच लिहिलंस. सुंदरेशमामांना काय वाटेल! अक्का, ते मानलेले मामा, गल्लीचे केबलवाले; त्यांची केबल म्हणजे काय अप्पांच्या गळ्यातली माळ आहे, काढली की पाप लागेल? टीव्ही-नेटची वायर आहे ती. माझ्या जन्माआधीपासून आपल्या गच्चीवरून गेलीय, म्हणून ती काही आपली आत्या होत नाही.

तूच लिहितेस की नेट पुन्हा मध्येच गेलं. चेन्नईची कंपनी तुला घरबसल्या काम देते, दवाखान्यांच्या वेळा विचारणाऱ्यांना तू संगणकावरून उत्तरं देतेस, आणि आपल्या गच्चीवर एक माकड वायरीला लोंबकळलं की तिकडे पेशंट लोंबकळतात. पाच ऑगस्टला ते लोक दिवसभर तुझं काम पाहणार. त्यावरून तुला कायम करणार नाहीतर घरी बसवणार. तेव्हा काय सांगशील, मामांची वायर आहे, सांभाळून घ्या?

मे महिन्यात आलो तेव्हा बसस्टँडजवळच्या दुकानात नव्या कंपनीचे वर्षाचे पैसे भरून आलोय. माझ्या नावावर, माझ्या नंबरावर. टीव्ही, नेट, सगळं एका काचेच्या तारेतून येतं. त्यांचा माणूस येईलच. तोवर तू एवढं कर, मामांची टीव्हीखालची पेटी परत दे आणि वायर काढून न्यायला सांग. आधी जुनं सुटल्याशिवाय आपल्या घरात नवं शिरत नाही. दोन्ही राहिलं तर अम्मा दोन्हींवर फडकं मारत बसेल आणि अप्पा जुनंच लावतील.

तू म्हणतेस मी सोडण्यात हुशार. आठवीला शाळा सोडली, तिरुभुवनमचा माग सोडला, तिरुप्पूर सोडलं, हैदराबादचं हॉटेल सोडलं. खरं आहे. मग सोडण्याच्या बाबतीत तरी माझं ऐक.

इथं बोगदा खणणाऱ्यांची भाकरी-डाळ करतो. थंडी जुलैतही आहे. कॅम्पात टॉवर नाही आणि आपल्याकडचा प्रीपेड नंबर खालच्या बाजारातच काय, काश्मीरभर चालत नाही, म्हणून कागद. बरंच आहे, फोनवर तू रडतेस आणि मी ओरडतो.

अम्मा-अप्पांच्या पायांवर डोकं ठेवतो. लोभ ठेव, नाही ठेवलास तरी पेटी परत दे.

तुझा,
व्यंकोजी


कुंभकोणम,
१४ जुलै २०२४

चि. व्यंकोजीस अनेक आशीर्वाद, आणि दोन चापट्या वेगळ्या.

तुझं ऐकलं. आता वाच काय झालं ते.

सोमवारी मामांना निरोप दिला. ते स्वतः आले, माणूस पाठवला नाही. पेटी काढली, पदराआडून बघत असलेल्या अम्माला विचारलं की रिमोटची बॅटरी नवी आहे का, असेल तर काढून ठेव, वाया नको. मग गच्चीवर जाऊन वायर कोपरापासून अंगठ्यापर्यंत गुंडाळत गुंडाळत खाली आले. एक शब्द वाकडा नाही. पण अम्मानं आणलेली कॉफी तशीच ठेवून गेले. मामा आपल्या घरातून कॉफी न पिता गेल्याचं मला आठवत नाही. अम्मा ती कॉफी ओतून न देता संध्याकाळी स्वतः गरम करून प्याली.

बुधवारी तुझ्या कंपनीचा माणूस आला. बरोबर बाराला. शिडी, तार, भोक पाडायचं यंत्र, सगळं घेऊन. आणि बुधवारी बारा ते दीड काय असतं, ते तू विसरला असशील, अम्मा नाही विसरली. राहुकाळात घराच्या भिंतीला भोक पाडू देणार नाही म्हणाली. त्याला ओट्यावर बसवलं, ताक दिलं, पंखा ओढून बाहेर लावला. मी पाया पडायची तेवढी राहिले. तो पोरगा बिचारा हसला, थोडा वेळ बसला, दुसरं ताकही प्याला. मग म्हणाला की तिरुनागेश्वरमची घरं राहिलीत, जातो. जाताना फोनमध्ये काहीतरी टिपलं. काय टिपलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ग्राहक तयार नाही, म्हणून अर्ज बंद.

मी कंपनीला फोन लावला. गोड आवाजाची बाई म्हणाली की अर्ज पुन्हा उघडता येईल, त्यासाठी नोंदवलेल्या नंबरावर एक कोड जाईल, तेवढा सांगा. नोंदवलेला नंबर तुझा. म्हणजे तो कोड तुझ्या उशाखाली मेलेल्या फोनमध्ये जाणार. माझ्या नावावर दुसरा अर्ज करीन म्हटलं, तर एका पत्त्यावर दुसरा घेत नाहीत, आधी पहिला रद्द करा. रद्द करायलाही कोड.

आणि उघडला तरी काय! बुधवारपासून आडी महिना लागतो. अम्मा म्हणते, आडीत नवं काही घरात येणार नाही, पुढचा आवणी महिना लागल्यावर बघू. आवणी लागेल तेव्हा माझी पाच ऑगस्ट होऊन गेलेली असेल.

सध्या मोबाइलच्या नेटवर काम करतेय. आतल्या खोलीत मिळत नाही, गच्चीवर मिळतं, म्हणून छत्री बांधून टाकीशेजारी बसते. काल दोनदा तुटलं. मॅनेजरबाईंनी फक्त विचारलं की पाच तारखेला असं होणार नाही ना. मी नाही म्हटलं. का म्हटलं, मला माहीत नाही.

शनिवारच्या भजनाला मठात मामा मृदंग वाजवायला आले नाहीत. अप्पांनी नुसत्या टाळांवर अभंग म्हटले. प्रत्येक ओळ पुढे धावत सुटली, धरायला कुणी नाही. घरी येऊन अप्पा एवढंच म्हणाले की व्यंकोजीला सांग, नेट लवकर येऊ दे.

जेवत जा. मफलर पाठवू का ते कळव.

तुझी,
रम्याअक्का


कॅम्प,
२३ जुलै २०२४

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कागद आज हातात पडला. वाचून डाळ करपवली, शंभर माणसं शिव्या देत जेवली.

अम्माला काय म्हणू! माणूस घरी आलेला, शिडी लावलेली, आणि ताक! पण तिच्यावर ओरडून उपयोग नाही. तू पण त्याला दीडपर्यंत धरून ठेवायचंस, वडे तळायचेस, काहीतरी करायचंस. जाऊ दे. आधी जुनं तोड म्हणणारा मीच.

अक्का, तुझं काम गेलं तर पुढं काय ते मला ठाऊक आहे. दोन वर्षं तू अप्पांना थोपवून धरलंयस, की माझ्या पगारावर उभी राहीन, मगच लग्नाचं बोला. काम गेलं की त्या मायवरमच्या मावशी दुसऱ्याच दिवशी पत्रिका घेऊन ओट्यावर बसतील. आणि ते माझ्यामुळे होईल. झोप लागत नाही.

म्हणून ठरवलंय. रविवारी सिमेंटचा रिकामा ट्रक पठाणकोटला जातो, त्यात बसतो. तिथं पोचलं की माझा नंबर जिवंत होईल. तू एकतीस तारखेपासून फोन हातात ठेव. मी फोन केला की तू कंपनीला लाव, कोड आला की मी सांगतो, माणूस दोन दिवसांत येईल. अम्माला सांग, आडीचं पाप माझ्या डोक्यावर.

ठेकेदाराला विचारलं. तो म्हणाला, हंगामाच्या मध्ये खाली उतरलेला माणूस वर घेत नाही. नाही तर नाही. आणखी एक नोकरी सुटली असं लिही तुझ्या मनात.

फक्त एक. मामांच्या दारात जाऊ नकोस. तुला शपथ आहे. मे महिन्यात मी त्यांना मठाच्या पायरीवर सगळ्यांदेखत म्हणालो की तुमची वायर म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. आता त्याच दोरीसाठी माझी बहीण हात पसरून उभी राहिली, तर मी गावात कधी तोंड दाखवू नये.

अम्मा-अप्पांना नमस्कार. माया पातळ करू नकोस.

व्यंकोजी


कुंभकोणम,
६ ऑगस्ट २०२४

चि. व्यंकोजीस,

फोन वाजला नाही.

एकतीसला नाही, एकला नाही, दोनला नाही. न्हाणीघरातही फोन घेऊन गेले. टीव्ही नाही, म्हणून अप्पा शेजारी जाऊन बातम्या बघून येत होते. तिकडे कुठेतरी दरड कोसळली, रस्ता बंद, एवढंच सांगत. अम्माला सांगितलं नव्हतं तू निघालास म्हणून. पण ती ओळखून होती. तू कुठे आहेस, रे? हा कागद कॅम्पाच्या पत्त्यावर टाकतेय, दुसरा पत्ता माझ्याकडे नाही. तू तिथं नसशील तर हे मी कुणाला लिहितेय?

तुझी शपथ मी पाळली. मी मामांच्या दारात गेले नाही. अम्मा गेली.

शनिवारी राहुकाळ टळल्यावर निघाली. मी मागोमाग गेले, कोपऱ्यावर थांबले. मामा दारातच बसले होते. मी वाट बघतेय, आता ही रडेल, पोराच्या वतीनं माफी मागेल. तर अम्मानं काय विचारावं! म्हणाली की आमची पेटी दुरुस्तीला टाकली होती, झाली का, महिना होत आला. मामांनी आधी तिला बसायला खुर्ची सरकवली. मग म्हणाले की झाली, एक भाग मिळत नव्हता म्हणून उशीर झाला. आणि वायर? ती पण धुऊन पुसून ठेवलीय, म्हणाले.

कळलं का तुला? आडीत नवं घेत नाहीत, हे मामाही मानतात. कुणी नवी जोडणी मागितली असती, तर आवणीपर्यंत त्यांनीही दिली नसती. पण दुरुस्तीला गेलेलं घरी परत येतं, त्याला आडी लागत नाही. तीच पेटी, तीच वायर, भिंतीतलं तेच भोक. त्या दिवशी संध्याकाळच्या आत लावून दिलं. कॉफी प्यायले, साखर कमी आहे म्हणाले.

पाच तारखेला सकाळी मी संगणकापुढे बसले तर गच्चीवर खुर्ची सरकल्याचा आवाज. मामा छत्री आणि काठी घेऊन वर बसलेले. माकडांसाठी. दुपारी अम्मानं ताट वर नेलं, तिथंच जेवले. दिवसभरात एकदा चित्र अडकलं. वरून मामांची हाड्‌हाड् ऐकू आली आणि पुन्हा सुरू झालं. संध्याकाळी मॅनेजरबाईंनी सांगितलं की सप्टेंबरपासून मी कायम. मी गच्चीवर धावले, तर मामा खुर्चीतच झोपलेले, काठी मांडीवर.

मी पैसे देऊ लागले तर मामा घेत नाहीत. म्हणाले की ज्यानं तोडायला सांगितलं, त्यानं जोडायला सांगावं, तोवर ही वायर उधार. अप्पांशी मात्र अजून बोलत नाहीत. अप्पाही बोलत नाहीत. दोघं गच्चीच्या जिन्यात समोरासमोर आले आणि दोघंही बाजूला झाले, कुणीच चढेना, कुणीच उतरेना.

माझं सगळं झालं. आता तू कुठे आहेस तेवढं कळव. दोन ओळी पुरे.

तुझी,
अक्का


कॅम्प,
१७ ऑगस्ट २०२४

ती. सुंदरेशमामांस व्यंकोजीचा साष्टांग दंडवत, विनंती विशेष.

मामा, तुम्हाला आमची ही मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, तुम्ही तमिळवाले. मला तमिळ लिहिता येतं, पण आठवीत सोडलेलं, त्यात माफी बसत नाही. म्हणून हा कागद अप्पांना वाचायला सांगा. दुसऱ्या कुणाला नको. अप्पा, मोठ्यानं वाचा, मध्ये गाळू नका.

आधी ज्याची सगळ्यांना काळजी ते. मी जिवंत आहे. रविवारी निघालो, रामबनजवळ पुढं डोंगर रस्त्यावर आलेला. ट्रकात अडकून पडलो, कच्ची सफरचंदं खाल्ली, ड्रायव्हरची बडबड ऐकली. फोन काढून बघायचो, मेलेला तो मेलेला. पाच तारीख त्या ट्रकात बसूनच गेली. मग ट्रक उलटा फिरला. दुसरीकडे जायला पैसे नव्हते, कॅम्पात परत आलो. ठेकेदारानं हाकलून देईन म्हटलं, पण त्याच्या नव्या आचाऱ्यानं भातात काय घातलं कुणास ठाऊक, सगळे आजारी. मला ठेवून घेतलं, पगार कापून. अक्काचा कागद पडून होता, तो वाचला आणि पातेल्याआड जाऊन बसलो.

मामा, दोरी म्हणालो तो शब्द परत घेतो. तुमची लाइन हळू आहे, तो शब्द परत घेत नाही. अप्पा, हेही वाचा. ती हळू आहे, मामा. अक्काला आता कायमचं काम, रोज गच्चीवर काठी घेऊन कोण बसणार? वायर बदला, जाड घाला, काय लागतं ते करा. नाही जमलं तर दीपावलीला येईन, आधी तुमच्या घरी येऊन कॉफी घेईन, मग तुम्हीच सांगा कुठली कंपनी घ्यायची. तुम्हाला न सांगता आमच्या भिंतीला भोक पडणार नाही.

तुम्ही म्हणालात, ज्यानं तोडलं त्यानं जोडायला सांगावं. सांगतो. जोडा.

आणि शनिवारी मठात या. अप्पा, इथं थांबा, कागद खाली ठेवा आणि मामांकडे बघा. ते काय म्हणाले ते मला अक्काकडून कळेलच.

तुम्हा दोघांचा लोभ माझ्यावर आहे तसा एकमेकांवरही असू द्या.

आपला,
व्यंकोजी

ता. क. कारकुनाच्या हातून अक्काच्या खात्यात पैसे टाकतोय, ती तुम्हाला आणून देईल. वर्षाचं सगळं आगाऊ आहे, म्हणजे मध्येच माझं डोकं फिरलं तरी वायर तुटायची नाही. बिल समजून मोजू नका, मामा. बिलाला कुणी वर एक रुपया लावत नाही, लग्नाकार्यातल्या आहेराला, तुमच्या मोईला लावतात. आज आवणी लागला म्हणून आज पाठवतो. रुपये चार हजार आठशे एक.